रिकाम्या जागेचं रसायन

(धाराशिव येथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



व्यासपीठावर पाण्याची बादली कशाला, असं संयोजकांनी मला मघाशी दोनदा विचारलं. आधी त्यांना वाटलं, छत गळतंय. छत ठीक आहे, बादली मीच मागवली. ही पाहा वीट. घरी केलेली आहे, त्यामुळे कोपरे सरळ आले नाहीत आणि हातात जरा जपूनच धरावी लागते. आता ही पाण्यात सोडतो. तरंगली. वरची बोटभर कड पाण्याबाहेर आहे. मागच्या रांगांना दिसत नसेल तर पुढच्यांना विचारा. पहिल्या रांगेतल्या या मुलीच्या मनगटावर घड्याळ आहे. वीट कधी बुडते ती वेळ तिनं लिहून ठेवायची. बुडणार हे नक्की, फक्त किती मिनिटांनी ते पाहायचं.

ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी मला आठवीत विज्ञान शिकवलं. आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट होतं आणि किल्ली कुणाकडे आहे यावर दर वर्षी नवी चर्चा होई. गुरुजी त्या वादात पडले नाहीत. ते आम्हाला कुंभारवाड्यात घेऊन गेले. उन्हाळ्याचे दिवस, माठांची रास लागलेली. एकेका माठाला टिचकी मारायची, आवाज ऐकायचा आणि पक्का कुठला, कच्चा कुठला ते सांगायचं. चाळीसातली सदतीस उत्तरं बरोबर आली. मग गुरुजींनी विचारलं, "कानाला हे कसं कळलं?" तेव्हा मात्र आम्ही सगळे गप्प.

ही टिचकी आपल्या जिल्ह्यात फार जुनी आहे. तेरच्या गोरोबाकाकांची कथा तुम्हाला मी काय सांगावी. संतमंडळी जमली, मुक्ताबाईनं थापटण्याकडे बोट केलं, काकांनी एकेकाच्या डोक्यावर ते हाणलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. कीर्तनकार तिथून गुरुकृपेकडे वळतात, ते त्यांच्या जागी बरोबरच आहेत. मी रसायनाचा माणूस, म्हणून थापटण्यापाशीच रेंगाळतो. वस्तू न फोडता तिच्या आतलं ओळखायचं, ही परीक्षा आहे ती. पक्क्या मडक्यात मातीचे कण भाजून एकमेकांना चिकटलेले असतात. ठोका दिला की कंप साऱ्या भांड्यात खेळतो आणि टणत्कार उठतो. कच्च्यात किंवा तडकलेल्यात कण सैल, कंप मध्येच मुरतो आणि आवाज बद्द येतो. आज पुलाच्या खांबाचं काँक्रीट तपासतात तेव्हा त्यातून ध्वनिलहरी सोडून त्या पलीकडे पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. यंत्र महाग आहे, तत्त्व थापटण्याचंच.

तर तेर. इथून तीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं आपल्या 'पेरिप्लस' नावाच्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे, आणि तिथून भडोचच्या बंदरात गाड्या भरून कापड येतं. हे तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. तेरच्या टेकड्यांत पावसाळ्यानंतर मणी, नाणी, मृण्मूर्ती वर येतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर वेचल्या आणि आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात त्या आहेत. ते पुरातत्त्व शिकलेले नव्हते, ते व्यापारी होते. पण लोक ज्याला कचरा म्हणत होते तो त्यांनी उचलला, आणि माझ्या आजच्या व्याख्यानात कचऱ्याला बरंच मोठं स्थान आहे.

तेरची ज्या वस्तूसाठी ख्याती आहे ती मात्र मणी किंवा नाणं नाही. ती आहे वीट. त्रिविक्रमाचं देऊळ बघा: मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, सगळं विटांचं, मूळचं ते बौद्ध चैत्य असावं असं बरेच अभ्यासक मानतात. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच. आणि तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐकताना त्यात थोडा चमत्कारही मिसळतो. कुणी त्यात मंत्र पाहतं, कुणी 'हरवलेलं प्राचीन विज्ञान'. मला दोन्ही शब्दांचा कंटाळा आहे. आपण सरळ हिशेब करू.

भाजलेल्या मातीचा घन पदार्थ, म्हणजे मधली सगळी छिद्रं वगळून उरतो तो, पाण्याच्या साधारण २.६ पट जड असतो. ही विटेची गोष्ट नव्हे, विटेतल्या मातीची. आता वीट पाण्याहून हलकी व्हायची तर तिच्या एकूण आकारमानात किती भाग रिकामा हवा? गुणाकार-भागाकार सोपा आहे: शंभरात निदान ६२. म्हणजे तरंगणाऱ्या विटेत पाच भागांतले तीन भाग वीट नसतेच, हवा असते. आपल्या बांधकामावरची नेहमीची वीट तीन किलोंच्या आसपास भरते. त्याच मापाची ही बादलीतली वीट मी सकाळी काट्यावर ठेवली: एक किलो ५१० ग्रॅम. तिचा ७० टक्के भाग रिकामा आहे.

मग रिकामी जागा विटेत घालायची कशी? हवा तर मातीत कालवता येत नाही. म्हणून अशी वस्तू कालवायची जी भाजताना निघून जाईल. सातवाहनकाळच्या विटांत भाताचं तूस मिसळलेलं आढळतं, हे पुरातत्त्वातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. तूस ही विलक्षण गोष्ट आहे. जनावर खात नाही, कुजायला वर्षं लागतात, कारण भाताचं रोप मातीतली वाळू, म्हणजे सिलिका, पाण्यात विरघळलेल्या रूपात ओढून घेतं आणि दाण्याच्या टरफलात साठवतं. शंभर ग्रॅम तूस जाळलं तर वीसेक ग्रॅम राख उरते आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या पुढेमागे नुसती सिलिका. कोकणात या राखेची रांगोळी काढत. दात घासायच्या राखुंडीतही ती असे. म्हणजे आमच्या आज्यांनी आयुष्यभर सिलिकेनं दात घासले आणि अंगणात तिचीच ठिपक्यांची रांगोळी घातली. तिला सिलिका म्हणायची गरज त्यांना पडली नाही.

विटेत हे तूस दोन कामं करतं. पहिलं भट्टीआधीचं. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीची वीट साच्यातून काढून उन्हात ठेवली की ती उभी-आडवी तडकते. तूस मिसळलं की मातीतून ओल बाहेर पडायला वाटा मिळतात आणि आकसण्याला अडसर मिळतो. दुसरं काम भट्टीतलं. चारपाचशे अंशांवर तूस पेटतं. म्हणजे वीट बाहेरून भाजत असते तशी आतूनही भाजली जाते. प्रत्येक विटेनं आपलं सरपण पोटातच आणलेलं. ढोकीच्या कारखान्याच्या परिसरातले भट्टीवाले उसाचं बगॅस का मागतात, ते त्यांनाच विचारा. सरपणाचा भाव त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तूस जळून गेलं की त्याच्या आकाराची पोकळी मागे राहते. फोडलेली जुनी वीट भिंगाखाली धरलीत तर त्या पोकळीत टरफलाची खवल्याखवल्यांची नक्षी जशीच्या तशी उमटलेली दिसते. दाणा केव्हाच खाल्ला गेला, टरफल जळून गेलं आणि त्याचा ठसा राहिला.

माझ्या पहिल्या अकरा विटा फुकट गेल्या. हे सांगितलं नाही तर तुम्हाला वाटेल, तूस कालवलं की झालं. पहिल्या चार वाळतानाच भुगा झाल्या, कारण तूस फार झालं होतं. पुढच्या तीन बाहेरून लाल आणि आतून कोळशासारख्या काळ्या निघाल्या. भट्टी घाईनं तापवली, आतल्या तुसाला हवा पोचली नाही, ते जळण्याऐवजी नुसतं करपलं. उरलेल्या चार चांगल्या झाल्या, मी घरच्यांना मोठ्या ऐटीत दाखवल्या, आणि पाऊस पडल्यावर आठवड्याभरात त्यांच्या अंगावर पांढरे फोड येऊन कपचे उडाले. ते फोड म्हणजे आपल्या मातीतली चुनखडी. खडा ज्वारीच्या दाण्याएवढा असला तरी आठशे अंशांच्या आसपास त्याचा कळीचा चुना होतो. मग हवेतली ओल लागली की तो चुना फुगतो आणि विटेला आतून फोडतो. माती चाळायला हवी होती, मी आळस केला. तेरच्या जुन्या वीटकरानं तो केलेला नसणार, नाहीतर आज ती देवळं उभी दिसली नसती.

एक गोष्ट अजून मोजायची राहिली: या हलकेपणाची किंमत. पोकळी वाढली की ताकद नुसती घटत नाही, कोसळते. १९५३ साली रिश्केविच यांनी सच्छिद्र भाजलेल्या पदार्थांवर दाबाच्या कसोट्या घेऊन हे दाखवलं. पोकळी दहा टक्क्यांनी वाढली की ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरते, पुढच्या दहाला उरलेल्यातली पुन्हा चाळीस टक्के, असा तो उतार आहे. साठ टक्के पोकळीच्या विटेत मूळ ताकदीतली शेकडा पाचच उरते. त्यामुळे असली वीट पायात घालत नाहीत. तिची जागा वर, जिथे तिच्यावर फारसं काही यायचं नाही आणि तिनं स्वतः खालच्यांना जड होऊ नये. तेलंगणातल्या पालमपेटचं रामप्पा देऊळ १२१३ सालचं. खाली कोरीव दगड आणि शिखर मात्र पाण्याहून हलक्या विटांचं. रोमचा स्थपती व्हिट्रुवियस, सातवाहनांचाच समकालीन, आशिया मायनरमधल्या पिताने गावच्या तरंगणाऱ्या विटांचं कौतुक करताना हेच कारण देतो: भिंतीवर भार पडत नाही. तेर, पालमपेट, पिताने. या तिन्ही ठिकाणच्या वीटकरांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

हलकं वर, जड खाली. हे वाक्य या जिल्ह्यात उच्चारताना माझा आवाज थोडा खाली येतो, तुम्हीही समजून आहात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती, आणि पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर जिल्ह्यात किल्लारी, आपल्याकडे सास्तूर आणि आसपासची गावं. ६.२ तीव्रतेचा धक्का. जगात याहून मोठे धक्के पुष्कळ होतात आणि तिथे एवढी माणसं जात नाहीत. आपल्याकडे दहा हजारांच्या आसपास गेली. ती भूकंपानं मारली असं आपण म्हणतो. खरं म्हणजे माळवदानं मारली. एक हिशेब करून दाखवतो. दहा बाय बारा फुटांची खोली, वर लाकडाचे सर आणि फळ्या, त्यावर दीड फूट माती. ती माती भरते आठ टन. खाली दोन-अडीच फूट रुंद भिंत, पण गोल धोंड्यांची आणि मातीत बांधलेली, आतला थर बाहेरच्या थराला न बांधलेला. जमीन आडवी हलली की भिंतीवर येणारा जोर वरच्या वजनाच्या प्रमाणात येतो. आठ टन बाजूला सरकू लागतात, दोन थर सुटे होतात आणि मग वरची माती खाली येते. पडलेली घरं बघायला गेलो तेव्हा मला त्यात लाकूड दिसलं, धोंडे दिसले, पण जास्त करून दिसली ती माती.

यावर शहरातली शहाणी माणसं म्हणाली, गावकऱ्यांना कळत नव्हतं. मला ते तेव्हाही रुचलं नाही, आजही नाही. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात तेव्हा पत्र्याखाली बसून बघा. दीड फूट माती डोक्यावर घेण्यामागे उन्हाचं शास्त्र होतं, पिढ्यान्‌पिढ्या तपासलेलं. दर पावसाळ्यात गळती लागली की वर आणखी थोडी माती टाकायची, ही त्या शास्त्रावर साचत गेलेली चूक होती. ऊन अडवायला वजन लागत नाही, थांबलेली हवा लागते. गोधडीत कापडापेक्षा कापडाच्या थरांमधली हवाच जास्त ऊब धरते. तेरच्या हलक्या विटेत ती हवा होती आणि वजन नव्हतं. उन्हाचं उत्तर आणि भूकंपाचं उत्तर एकाच वस्तूत, सास्तूरपासून काही तासांच्या अंतरावर, जमिनीत पुरलेलं होतं. तेरच्या विटेनं लोक वाचले असते, असला दावा मी करत नाही. भिंतीत बांधणी नसेल तर वीट कितीही हलकी असो. पण मातीत मोकळी जागा ठेवण्याचं कसब इथून कधीतरी पुसलं गेलं आणि त्या जागी नुसती माती उरली, ही खंत मला आहे.

आपल्याकडे गावाला 'पांढरी' म्हणतात आणि शेताला 'काळी'. पांढरीची माती म्हणजे शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंती, फुटके रांजण. गावकरी ती खणून शेतात टाकतात किंवा नव्या भिंतीला लावतात. जुन्या मातीत काय काय असू शकतं याचं एक उदाहरण आपल्याच विद्यापीठातलं आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्याचे नमुने पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेतले रसायनज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. गिलाव्यात मिसळलेले तंतू कुठल्या झाडाचे, हा प्रश्न होता. जालना भागातून ताजी झाडं आणून त्यांच्या तंतूंशी जुळवणी केली आणि ते भांगेचे निघाले. २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये हा शोध छापून आला. भांग! वर्तमानपत्रांना त्या शब्दाची मजा वाटली. मला मजा वाटली ती वेगळ्या गोष्टीची: एक रसायनाचा माणूस आणि एक झाडांचा माणूस एका चिमूटभर गिलाव्यावर एकत्र वाकले. तेरच्या विटेतल्या तुसावर असं कुणी वाकावं. त्या विद्यापीठाचा उपपरिसर इथे धाराशिवात आहे, विद्यार्थी आहेत, सूक्ष्मदर्शकही आहे, आणि या वेळी कपाटाला कुलूप नाही.

थांबा, हात वर झालाय. बुडाली? किती मिनिटं? अकरा. शाबास. बुडबुडे पाहिलेस का? मोठे आधी आले आणि मग बारीक? हेही लिहून ठेव.

का बुडाली हे आता तुम्हीच सांगाल. तुसानं केलेल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. एकीतून दुसरीत पाणी शिरत गेलं, हवा बाहेर आली, चारशे-साडेचारशे मिलिलिटर पाणी आत बसलं की पोकळीचा फायदा संपला. म्हणजे पोकळी निर्माण करणं हे अर्धं काम. पाण्याला आत येऊ न देणं हे दुसरं अर्धं, आणि ते अवघड आहे. सिमेंटच्या दुकानात मिळणारा एएसी ब्लॉक कापून पाण्यात टाका, तो तरंगेल आणि बराच वेळ तरंगेल. त्यात राख, चुना, सिमेंट आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड असते. चुन्याशी तिची गाठ पडली की हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि सगळा लगदा पावासारखा फुगतो. बुडबुडा आपल्या जागी गोल आणि बराचसा बंद राहतो, तुसाच्या पोकळीसारखा वाटा काढत नाही. हा स्वीडनमधला १९२० च्या दशकातला शोध.

पाणी आत येऊ न देण्याची सगळ्यात सुंदर युक्ती मात्र मी पाहिली ती कोल्हापुरात. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात 'एअर ग्लास लॅबोरेटरी' आहे. नावच बघा: हवेची काच. तिथे ए. वेंकटेश्वर राव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं एकाच पदार्थावर काम केलं: सिलिका एरोजेल. नाव परकं वाटलं तर दह्याकडे बघा. दही घट्ट दिसतं, पण ते बहुतेक पाणीच. प्रथिनांचं एक नाजूक जाळं त्या पाण्याला धरून उभं असतं. दही फडक्यात टांगलं की पाणी निथळतं आणि जाळं आकसून चक्का होतो. आपल्याला श्रीखंडासाठी तो आकसलेलाच हवा असतो. आता कल्पना करा, पाणी तर सगळं काढायचं, पण दही होतं तेवढंच राहायला हवं. जागा तीच, आत फक्त हवा.

हे अशक्य वाटतं, कारण पाणी जाताना आपल्यामागे भिंती ओढून नेतं. बारीक छिद्रातल्या पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो. पाणी आटत जातं तसा तो ताण दोन्ही बाजूंच्या भिंतींना जवळ खेचतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तेव्हा जमिनीत हाच खेळ चाललेला असतो. १९३१ साली अमेरिकेत सॅम्युएल किस्लर यांनी यातून वाट काढली. पृष्ठभागच नसेल तर ताण कुठून येणार? द्रव बंद पात्रात इतका तापवायचा आणि दाबायचा की द्रव आणि वायू हा भेदच मिटावा. मेथॅनॉलसाठी ही मर्यादा २४० अंश आणि ८० वातावरणांच्या जवळपास आहे. मग ते हळूच सोडून द्यायचं. उरतं ते सिलिकेचं जाळं, जसंच्या तसं. हातावर ठेवलं तर निळसर धुरासारखं दिसतं आणि वजन जाणवत नाही.

पण किस्लरच्या एरोजेलची खोड माझ्या विटेसारखीच होती. त्याला ओल आवडे. सिलिकेच्या भिंतींवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या बाहेर तोंड करून बसलेल्या असतात आणि त्या पाण्याला हात देतात. पाणी शिरलं की तोच ताण परत आला आणि जाळं कोसळलं. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेनं मूळ सामानच बदललं. सिलिका ज्या द्रवापासून बनवायची त्यात मेथिलट्रायमेथॉक्सिसिलेन हा रेणू घेतला. नाव लांब आहे, रचना सोपी: सिलिकॉनचे चार हात. तीन शेजाऱ्यांशी जोडले जातात, चौथ्यावर मेथिलचा गट बसलेला असतो आणि तो कुणाशीच जोडला जात नाही. तो भिंतीवर बाहेर तोंड करून राहतो, आणि पाण्याशी त्याचं जमत नाही. अळूच्या पानावर पावसाचा थेंब गोळी होऊन घरंगळतो तसं पाणी या पदार्थावरून घरंगळतं. थेंब आणि पृष्ठभाग यांतला कोन १५० अंशांच्या पुढे जातो. शिवाय चार हातांऐवजी तीनच बांधलेले असल्यानं जाळं ताठर राहत नाही, वाकतं. राव, शरद भगत आणि त्यांच्या जपानी व फ्रेंच सहकाऱ्यांनी २००६ साली लवचिक एरोजेलचा हा निबंध प्रसिद्ध केला. पाण्याच्या पंचविसाव्या हिश्शाइतकं हलकं आणि वाकवलं तर न मोडणारं. काच म्हणजे फुटणारी वस्तू, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की हे वाचताना मी दोनदा थांबलो.

तेरच्या वीटकराला मेथिल माहीत नव्हतं आणि कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत तेरची वीट कुणी ठेवली होती असंही नाही. नाती जोडण्याचा मोह मला होतो, पण मी तो आवरतो. दोघांच्या हातात सिलिका होती आणि दोघांनीही तिच्यातून दुसरं काही काढून घेऊन काम साधलं, एवढं साम्य मला पुरतं. एक गोष्ट मात्र गमतीनं सांगतो. तुसाच्या राखेतली सिलिका कॉस्टिक सोड्यात विरघळवून तिच्यापासूनही एरोजेल बनवतात. म्हणजे जे तूस तेरच्या विटेत पोकळी करून निघून गेलं, तेच आज पोकळीच्या भिंती बनून उभं राहू शकतं.

आता एक वळण, मग संपवतो. तेरच्या संग्रहालयातले काचेचे मणी तुम्ही पाहिले असतील, काही तर मोहरीएवढे. काचेबद्दल मराठी माणसानं लिहिलेला मोठा ग्रंथ मोरेश्वर दीक्षितांचा, भारतीय काचेचा इतिहास, १९६९ सालचा; तो चाळताना बारीक मण्यांच्या कृतीपाशी मी थांबलो. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात हवा धरून ती पोकळ नळी म्हणून लांबच लांब ओढायची, थंड झाल्यावर तिचे तुकडे करायचे. मण्याला भोक पाडत नाहीत. भोक आधी, मणी नंतर. 'पेरिप्लस'मध्ये भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काचही आहे. मग तेरचा मणी परदेशी काचेचा की इथल्या? ते रंगावरून कळत नाही, ॲल्युमिनाच्या प्रमाणावरून कळतं: भूमध्य समुद्राकडच्या काचेत ते दोन-तीन टक्क्यांवर राहतं, भारतीय खारट मातीच्या सोड्यानं केलेल्या काचेत कितीतरी जास्त निघतं. लोणार सरोवराचा खार काच आणि साबणासाठी नेतात अशी नोंद अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'तही आहे. मण्यांवर एखादं स्वतंत्र व्याख्यान कुणीतरी द्यावं. माझ्याकडे आज वीटच आहे.

तिचं काय करायचं ते सांगतो. ती बादलीतून काढलेली नाही, तशीच राहू द्या. उद्या सकाळी गुरुजींच्या शाळेत ती पाच तास उकळायची, म्हणजे उरलेल्या छिद्रांतली हवाही निघून जाईल. मग ओली तोलायची आणि पाण्यात टांगून तोलायची. तीन आकडे हाती आले की कुठली पोकळी उघडी आणि कुठली बंद याचा हिशेब निघतो. कोरड्याचा आकडा तुमच्याकडे आहे: एक किलो ५१० ग्रॅम. बुडाली ती वेळ या मुलीच्या वहीत आहे. शेजारी तेरहून आणलेला, साध्या मातीचा, तूस न घातलेला एक माठ ठेवणार आहे, टिचकी मारायला. चूल मांडली आहे, मोठं पातेलं एका पालकांनी द्यायचं कबूल केलंय. काटा मी घेऊन येतो. साडेसातला.